खापर न चढवणाऱ्या गुंताबाईची निरवानिरव

सर्वांना दंडवत प्रणाम.

लिहून ठेवणार: गुंताबाई भ्र. तोताराम पाटील, वय एकाहत्तर (शाळेच्या दाखल्याप्रमाणे, आई वेगळं सांगायची), धंदा मांडे करणे, राहणार मौजे भोकरवाडे, तालुका एरंडोल, जिल्हा जळगाव.

मी हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं, माझ्या ओट्यावर बसून लिहीत आहे. कोणाचा धाक नाही, कोणाची लाडीगोडी नाही, नशापाणी नाही. नशापाणी आमच्या महानुभाव पंथात चालत नाही, धाकाला मी भीत नाही, आणि लाडीगोडी करायला गेल्या वर्षभरात माझ्या दाराशी कोणी फिरकलेलं नाही. माझी शुद्ध शाबूत आहे. मला दिसतं, ऐकू येतं, कालचं आठवतं आणि गेल्या वैशाखातलं तर फारच आठवतं.

एरंडोलच्या वकील मेघाताई म्हणाल्या, "मावशी, शुद्धीचं वाक्य सगळेच लिहितात, एका ओळीत आटपा." मी म्हटलं, ताई, इतरांचं आटपत असेल. माझं आणि गावाचं सगळं भांडण त्या एका ओळीवरच आहे. त्यावर त्यांनी चहा मागवला. बाई गुणाची आहे.

कायदा असा की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्यांनी माझी सही डोळ्यांनी पाहायची आणि मी शुद्धीवर आहे याची ग्वाही द्यायची. मला मूलबाळ नाही. मी मृत्युपत्राविना गेले तर हे घर माझ्या यजमानांच्या वारसाला, म्हणजे पुतण्या भूपेंद्र याला जाईल. साक्षीदार मला आजवर एकच मिळाला आहे. ते म्हणजे चुडामण आबा, आमच्या गावचे सर्वांत म्हातारे. दुसऱ्यासाठी मी घरोघर गेले. कोणी पाणी दिलं, कोणी तेही नाही, सही मात्र कोणीच देईना. मेघाताई म्हणाल्या, कचेरीबाहेर साक्षीदार मिळतात, मी आणते. मी नको म्हटलं. बाहेरचा माणूस मला काय ओळखतो? गुंताबाई शुद्धीवर आहे हे भोकरवाड्याच्याच माणसानं लिहून दिलं पाहिजे. ते का, हे पुढे कळेल. दुसरी सही मिळाली तर हा कागद खरा, नाही तर चुलीत घालावा.

कलम पहिले. देह.

माझ्या देहाला दहन नको. आमच्या रीतीप्रमाणे भूमी द्यावी. मसणवटीच्या पश्चिमेला जिथे माझे यजमान तोताराम आहेत, त्यांच्या शेजारी जागा आहे. बँड नको, मोठ्यानं रडणारी भाड्याची माणसं नकोत. तोताराम गेले तेव्हा लांबच्या नात्यातल्या एका बाईनं इतका आकांत केला की मला माझं रडू आवरून तिला पाणी पाजावं लागलं.

त्या दिवशी गावात कोणाकडे लग्न असेल तर त्यांनी मांडे थांबवू नयेत. मी पिकलं पान आहे, माझ्या जाण्याला खापराचा रिवाज लागू नाही. तशी मी या कलमान्वये मोकळीक देत आहे.

हा रिवाज कोणता, ते लिहिते, कारण शहरातल्या वकिलांना आणि हल्लीच्या पोरांना तो माहीत नसतो. मांडा म्हणजे खानदेशातली मोठी पुरणपोळी. वस्त्रगाळ पिठाचा गोळा, त्यात पुरण, तो दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायचा. ते खापर. लग्नाला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांड्याशिवाय आमच्याकडे पंगत उठत नाही. आणि मांडे करणाऱ्या बायकांचा जुना रिवाज असा की गावात मयत असेल तर ती उठेपर्यंत खापर चुलीवर चढत नाही. मयत कोणाची हे विचारायचं नसतं. वैऱ्याच्या घरची असली तरी नाही. तसं आमच्या पंथात विटाळ नाही, सुतक नाही. मी दुसऱ्या देवाचा प्रसाद खात नाही, पण गावातल्या झाडून साऱ्या देवांच्या नैवेद्याचे मांडे मीच केले. त्यावरून कधी कोणी मला बोललं नाही, मीही कोणाला बोलले नाही. हा रिवाज धर्माचा नाही, आमच्या धंद्याचा आहे, आणि तो मी कधी मोडला नाही.

कलम दुसरे. घर.

ग्रामपंचायत हद्दीतलं माझं राहतं घर, मातीच्या भिंती, वर पत्रे, पुढे ओटा, मागे न्हाणी. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस भूपेंद्रचं घर, पश्चिमेस गावठाणाची पडीक जागा, उत्तरेस सुगंधाबाई भ्र. रोहिदास पाटील हिचं घर. तिची आणि माझी भिंत सामाईक आहे.

हे घर मी भूपेंद्रला देत नाही. घर मी भूपेंद्रची बायको पुनम हिच्या एकटीच्या नावे करत आहे. भूपेंद्रला त्यात बसण्या-उठण्याची मुभा आहे, पण पुनमला विचारून.

आता भूपेंद्रविषयी. हा माझ्या दिराचा मुलगा. लहानपणी चुलीपाशी बसायचा आणि पहिला फाटलेला मांडा मिळाल्याशिवाय हलायचा नाही. पुष्कळदा तर मीच मुद्दाम फाडायची. त्याच भूपेंद्रनं गेल्या वैशाखात, सीमेवर लढाई पेटली तेव्हा, चार पोरं घेऊन माझ्या ओट्यावर येऊन सांगितलं, "काकू, रव्वारले बठ्ठा गावनी पंगत शे. विजयना मांडा पाह्यजेत." (आमच्या बोलीत बठ्ठा म्हणजे सगळा आणि शे म्हणजे आहे.)

टीव्हीवर तेव्हा रात्रंदिवस धूर दाखवत होते. लढाई थांबली नव्हती. मी पीठ चाळत होते. मी म्हटलं, "भूपेंद्र, मयत उठस नही तवलोंग खापर चढस नही."

"कोनी मयत? गावमा कोन मरनं?"

"लढाईमा मरी राहिनात ना बापा, त्यास्नी."

"आपला का त्यास्ना?"

"खापरले काय ठाऊक, कोनता कोना शे?"

एवढंच बोलले. मी काही भाषण केलं नाही. मला भाषण येत नाही. आमच्या पंथाच्या स्वामींची शिकवण आहे की जीव दुखवू नये, आणि दुखवल्याचा आनंद तर मुळीच करू नये. तेवढी मला पुरते. पण त्या चार पोरांतल्या एकाच्या हातात मोबाईल चालू होता. दिवेलागणीपर्यंत माझं बोलणं धुळ्यापासून बोदवडपर्यंत फिरलं. वर लिहिलं होतं, शत्रूचं सुतक धरणारी बाई. माझा चेहरा त्यात फार वाईट आला आहे, हेही जाता जाता नमूद करते.

पंगत झाली. चोपड्याहून आचारी आणून बुंदी केली. मला त्याचं दुःख नाही. बुंदी कच्ची होती असं ऐकलं.

कलम तिसरे. जातं.

माझं दगडी जातं भिकन गिरणीवाल्यास द्यावं. पंगतीनंतर त्यानं माझा डबा दळायला घेतला नाही. "अक्का, मन्हाबी धंदा शे, लोक नाव ठेवतीन," म्हणाला आणि नजर चुकवली. तेव्हापासून मी घरीच दळते. भिकननं या जात्यावर रोज स्वतःचं पीठ दळावं, एक महिनाभर, आणि मग ते विकायचं असेल तर विकावं. ही अट कायद्यात बसत नाही असं मेघाताई म्हणतात. तरी लिहून ठेवली आहे. भिकनला शरम असेल तर पाळील.

कलम दुसरे, पुढे चालू. (पुनमचं राहिलं.)

पंगतीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भिंतीवर लाल रंगानं मोठ्या अक्षरांत "गद्दार" असं लिहिलं होतं. माझी ओट्यावर ओळीनं पालथी ठेवलेली खापरं फोडली होती. एक आत चुलीवर होतं म्हणून वाचलं. खापर मिळायला मिळतं, पण नवं खापर तापून तापून हाताला यायला वर्ष जातं. मी त्या दिवशी तुकडे गोळा करताना फार रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

भर दुपारी, सारं गाव पडलेलं असताना, पुनम शेणाचा काला घेऊन आली आणि तिनं ती भिंत सारवून काढली. मी म्हटलं, "पुनम, तुझा नवरा बघेल." ती म्हणाली, "बघू दे. काकू, मला तुमचं लढाईचं काही समजत नाही. पण भिंत घाण दिसते." पुनम यावलकडची, तिकडची बोली वेगळी, त्यामुळे ती माझ्याशी शाळेतल्यासारखी मराठी बोलते. त्यानंतर आठवड्यातून एकदा माझ्या मागल्या दारी ताकाचं भांडं असायचं. कोण ठेवतं हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. अशा बाईच्या नावावर घर असलं की नवरा घरात आवाज चढवताना एकदा विचार करतो. भूपेंद्र वाईट नाही. चारचौघांत असला की त्याच्या अंगात येतं, एवढंच. त्याच्यावर माझा राग आहे आणि तो मी कोणाच्या नावे करू इच्छीत होते, पण राग हा मालमत्तेत धरत नाहीत असं मेघाताई म्हणाल्या. तेव्हा तो मी जिवंतपणीच वापरून संपवीन.

कलम चौथे. शुद्ध.

हे कलम कशाचीही वाटणी करत नाही. तरी ते इथेच राहील.

लढाई थांबल्यावर मारुतीच्या पारावर बैठक बसली. मला बोलावलं. चांगली माणसंही होती त्यात, मी खोटं कशाला लिहू? सरपंच हात जोडून म्हणाले, "अक्का, मिटाडी टाका. फक्त इतलंच म्हना, तवय मन्हं डोकं ठिकानावर नव्हतं. म्हातारपन शे, कोनी काही बोलाव नही."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना मला वाचवायचं होतं. म्हातारी वेडी आहे म्हटलं की गाव माफ करतं, ताक देतं, सणाला ताट पाठवतं. खरं सांगते, त्या वेळी मला मोह झाला. एकटीनं राहणं सोपं नाही. मी रस्त्यानं दिसले की बायका हंडे उचलून आत जातात. पण मग मी मेल्यावर माझ्यामागे काय राहिलं असतं? माझ्या आयुष्यात मी एकच गोष्ट चारचौघांत ठामपणे बोलले, ती वेडाच्या भरात बोलले, असं.

मी म्हटलं, "डोकं ठिकानावर शे. हात बी ठिकानावर शेतस. मांडा कया नहीत, ते समजीसनच कया नहीत."

तेव्हापासून गावानं सोयीसाठी मला परस्पर वेडी ठरवलं आहे. म्हणून मला भोकरवाड्याचीच साक्ष हवी आहे, भाड्याची नको.

आमच्या आश्रमातल्या बाबांचंही इथेच लिहून टाकते. त्यांच्याकडे मोठ्या आशेनं गेले होते. ते म्हणाले, "बाई, अहिंसा आपल्या घरापुरती पाळावी. चारचौघांत बोलू नये, दिवस बरे नाहीत." मी म्हटलं, "बाबा, घरात मी एकटीच असते. तिथं कोणाला मारणार?" ते हसले. त्यांना आश्रम सांभाळायचा असतो, मी समजते. माझी पोथी आणि पोथीचं वेष्टन आश्रमास परत करावं. पोस्टात जी काही शिल्लक निघेल तीतून माझा शेवटचा खर्च करावा आणि उरलं तर आश्रमात एक दिवस जेवण घालावं. जेवण साधं असावं.

कलम पाचवे. पितळी गंज.

आमरस करायचा माझा मोठा पितळी गंज नवल रोहिदास पाटील यास द्यावा. नवल हा सुगंधाबाईचा मुलगा, फौजेत आहे. लढाईच्या दिवसांत तो सीमेवरच होता. तो माझ्या घरात रांगायला शिकला, कारण त्याची आई आणि मी दिवसभर चुलीपाशी असायचो आणि त्याला माझ्या बाजेच्या पायाला लुगड्यानं बांधून ठेवायचो.

दिवाळीला तो सुट्टीवर आला आणि सरळ पुढच्या दारानं, सगळ्यांच्या देखत माझ्या घरात आला. बाजेवर बसला. तोच म्हणाला, "काकू, तुमनं बोलनं मले पटनं नही."

"नको पटू दे बापा."

"मी परत जासू. हुकूम व्हयना तं परत गोळी चालाडसू."

"मले ठाऊक शे. तू सुखरूप ये, मी इतलंच सांगस."

मग म्हणाला, "तवय आम्हनामाधला एक पोऱ्या गया. मन्हा शेजारेच व्हता. तुमना तो व्हिडिओ कोनी तरी तठे दखाडा. बठ्ठा शिव्या दी राहिंतात. मले मातर तोच पोऱ्या याद उना." एवढं बोलून त्यानं विचारलं, "जेवाले काय शे?" मी कळण्याची भाकर आणि मिरच्यांचा ठेचा दिला. तो चार भाकरी जेवला आणि हात धुऊन माझ्या पायांना हात लावून गेला.

लोक म्हणतील, म्हातारीनं शेवटी तोंड लपवायला सैनिकाला गंज दिला. म्हणोत. मला लढाई नको आहे, नवल हवा आहे. ज्याला हे समजायला अवघड जातं त्यानं नवलच्या आईला विचारावं.

कलम सहावे. खापर, परात, पाटा-वरवंटा आणि पुरणाची चाळण.

ही सर्व सुगंधाबाई भ्र. रोहिदास पाटील हिला द्यावीत.

मांडे एकटीला करता येत नाहीत. एकीनं हातावर पसरवायचे, दुसरीनं जाळ सांभाळायचा आणि वेळेवर उलटायचे. मी पसरवणारी, ती जाळावरची. नवल पोटात होता तेव्हापासून आम्ही जोडीनं केले. एरंडोल, पारोळा, थेट धुळ्यापर्यंत लग्नांना गेलो. वधूबापाची माणसं ट्रॅक्टर पाठवायची आणि आम्ही खापरं मांडीत धरून बसायचो. जाळ किती हवा हे मी तिला कधी सांगितलं नाही, तिला माझ्या मनगटावरून कळायचं.

मी पंगतीला नाही म्हटलं, त्या संध्याकाळी ती आली. डोळे रडून सुजलेले. नवलचा फोन आलेला नव्हता. ती दारातच उभी राहिली.

"काव गुंता, मन्हा नवल तठे शे. आनि तू कोनं सुतक धरी राहिनी?"

"बठ्ठास्नं."

"मन्हा पोऱ्यावर गोळ्या झाडतस, त्यास्नं बी?"

"त्यास्ले बी माय शे ना व."

ती म्हणाली, "मंग त्यास्नी मायले बलाव मांडा कराले." आणि गेली. त्या दिवसापासून अबोला आहे.

गावानं टाकलं ते मी सोसलं. सुगंधानं टाकलं ते मात्र मला सोसत नाही. सामाईक भिंत आहे. सकाळी तिची भाकरी थापल्याचा आवाज येतो. ती शिंकली की माझ्या तोंडून "जीव" निघतं आणि मी ते गिळते. लढाई थांबली त्या दिवशी तिच्याकडे फोन वाजला. तिनं "नवल" म्हणून जी हाक मारली ती मला भिंतीतून ऐकू आली, आणि मग ती रडायला लागली. मी अलीकडे भिंतीला पाठ लावून बसले आणि मीही रडले. नवल जिवंत आहे म्हणून. तिला हे ठाऊक नाही. सुगंधे, तुझं काही चुकलं नाही. तुझं लेकरू तिथं होतं. पण माझंही चुकलं नाही, आणि हे मी मेल्यावरसुद्धा बदलून लिहिणार नाही. तू खापर घे. जाळ तुझ्याइतका कोणाला कळत नाही.

कलम सातवे. हे आज लिहीत आहे, मेघाताई, चुडामण आबा आणि सुगंधाबाई यांच्या समोर.

आज मेघाताई एरंडोलहून आल्या. रीत अशी की सही करण्याआधी सगळं साक्षीदारांना वाचून दाखवायचं. साक्षीदार एकच. चुडामण आबांना कमी ऐकू येतं, म्हणून मेघाताईंना ओट्यावर बसून ओरडून वाचावं लागलं. दोनदा तर मीच म्हटलं, ताई, हळू. आबा म्हणाले, "वाचू दे. मी सही करनार शे, मले भ्याव नही. मन्हावर बहिष्कार टाकीसन काय करतीन? मी तं आधीच कोनं आयकत नही."

पाचवं कलम झालं, सहावं सुरू झालं. सहावं संपलं तेव्हा सुगंधा माझ्या ओट्याच्या पायरीवर उभी होती. हाताला पीठ तसंच होतं. भिंतीपलीकडे तिला पहिल्यापासून सगळं ऐकू गेलेलं.

ती माझ्याकडे बघेना. मेघाताईंना म्हणाली, "दुसरी सही कोठे करानी?"

मेघाताईंनी तिला समजावलं. सहाव्या कलमात तुम्हाला वस्तू मिळताहेत. ज्याला लाभ त्यानं साक्ष देऊ नये. उद्या भूपेंद्र कोर्टात गेला तर पहिलं बोट तिथंच ठेवील. साक्ष द्यायची तर ते कलम काढावं लागेल, खापर-परात काही मिळणार नाही.

"काट मंग," सुगंधा म्हणाली. "खापर कुंभारकडे भेटस."

मेघाताई म्हणाल्या, "मावशी, विचार करा. गावात तुम्हालाही राहायचं आहे."

"मन्हा पोऱ्या सीमेवर शे. मले कोन गद्दार म्हनस ते मी देखस."

म्हणून सहाव्या कलमातली पहिली ओळ आणि शेवटचं "तू खापर घे" मी माझ्या हातानं आडव्या रेघेनं रद्द करत आहे आणि शेजारी सही करत आहे. बाकीचा मजकूर रद्द करत नाही, तो वाटणीचा नाही. पाचवं कलम राहील, नवल साक्षीला नाही. खापराचं काय करायचं ते आता कागदात उरलं नाही, आम्हाला जिवंतपणीच बघावं लागेल. येत्या आखाजीला पारोळ्याहून एका घराचं बोलावणं आलं आहे. त्यांना व्हिडिओ माहीत आहे, तरी आलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण जाळावर कोणी नव्हतं.

सही करण्याआधी मी सुगंधाला विचारलं, "मन्हं म्हननं तुले पटनं का?" ती म्हणाली, "नही." मी म्हटलं, बरं.

हे माझं शेवटचं मृत्युपत्र. याआधी मी काही केलेलं नाही, पुढे करायची इच्छा नाही. वाचून, ऐकून, समजून सही केली.

गुंताबाई भ्र. तोताराम पाटील (सही)

ठिकाण: मौजे भोकरवाडे, तालुका एरंडोल, लिहून ठेवणारीचा ओटा.
दिनांक: १६ एप्रिल २०२६, गुरुवार.

साक्षीदार पहिला: गुंताबाईनं माझ्या समोर सही केली. मी पाहिली. ती शुद्धीवर आहे. माझं वय झालं असलं तरी मीही आहे.
चुडामण भिला पाटील (सही)

साक्षीदार दुसरी: (मेघाताईंनी लिहून आणलेलं वाक्य सुगंधाबाईला वाचून दाखवलं, ते तिनं नको म्हटलं. मी सांगते तसंच लिहा, म्हणाली. तसंच लिहिलं आहे.)

गुंतानी मन्हा समोर सही कयी. ती पुरी शुद्धीवर शे. आते बी शे, आनि गये साल मांडा कया नहीत तवय बी व्हती. गाव तिले येडी म्हनस. मी तिन्हासंगे वरीसभर अबोला धरा. येडीसंगे कोनी अबोला धरस का?

सुगंधाबाई भ्र. रोहिदास पाटील (सही)